थ्री नो ट्रंपविरुद्ध बचाव: पहिल्या हातानंतर पूर्वेने कोणते पान खेळावे?

पूर्वेची_खुर्ची

नमस्कार. गेल्या रविवारी ब्रिजच्या सांघिक सामन्यात आलेली एक वाटणी येथे मांडतो आहे. मी पूर्वेला बसलो होतो. दक्षिणेने वन नो ट्रंपची बोली केली, उत्तरेने सरळ थ्री नो ट्रंप (हुकमाशिवाय तेरापैकी नऊ हात करण्याची बोली) म्हटले आणि बाकी सर्व पास झाले. प्रतिस्पर्धी जुन्या पद्धतीने १६ ते १८ गुणांचा (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) नो ट्रंप खेळतात. दोन्ही बाजू व्हल्नरेबल नव्हत्या, म्हणजे बक्षीस आणि दंड कमी दराचे होते.

माझ्या भिडूने इस्पिकच्या छक्कीची उतारी केली. आम्ही लांब रंगातले वरून चौथे पान उतरतो. त्यानंतर डमी, म्हणजे उत्तरेची टेबलावर मांडायची पाने, उघडली ती अशी:

उत्तर (डमी)
इस्पिक: ८ ५
बदाम: ९ ६ ३
चौकट: एक्का ४
किलवर: राणी गुलाम १० ९ ७ ५

माझी पाने (पूर्व)
इस्पिक: एक्का ९ ३
बदाम: राणी गुलाम १० ५
चौकट: राजा गुलाम ६
किलवर: राजा ८ ३

डमीतून पंजी आली, मी एक्का घातला, दक्षिणेने चव्वी टाकली. मी भिडूचा रंग परत करायचा म्हणून इस्पिकची नव्वी खेळलो. दक्षिणेने तो हात राजाने घेतला, किलवरचा एक्का वाजवला आणि पुन्हा किलवर खेळला. मी राजाने हात घेऊन इस्पिकची तिर्री परत केली. ती त्याने राणीने घेतली, बदामाचे एक्का-राजा वाजवले, चौकटच्या एक्क्याने डमीत गेला आणि उरलेले चार किलवर मोजून घेतले. एकूण १० हात झाले, म्हणजे आम्हाला ४३० गुणांचा फटका बसला.

दुसऱ्या टेबलावर आमचा भिडूसंघ, म्हणजे आमच्याच संघाची दुसरी जोडी, त्याच पानांवर हेच कॉन्ट्रॅक्ट (ठरलेली बोली) खेळत होता आणि त्यांचा मात्र एक हात कमी पडला. एकूण ४८० गुणांचा फरक, म्हणजे एका वाटणीत १० आयएमपी (सांघिक सामन्यात दोन टेबलांच्या फरकावरून मिळणारे गुण) गेले. तिथल्या पूर्वेने काय खेळले ते मला नंतर कळले, पण ते मी लगेच सांगत नाही. मला जाणून घ्यायचे आहे ते हे की दुसऱ्या हाताच्या आधी, फक्त डमी आणि आपली पाने पाहून, ते पान सापडण्यासारखे होते का. कृपया उत्तर देताना केवळ पान सांगू नये, त्यामागचा विचारही लिहावा.

सोलापूरकर

माझे मत बदामाच्या राणीच्या बाजूने आहे. राणी, गुलाम, दश्शी अशी सलग पाने असताना तो रंग सोडून इस्पिक परत करण्यात अर्थ नव्हता, कारण भिडूची इस्पिके तयार झाली तरी त्याच्याकडे हात घ्यायला दुसरे काही असेल असे वाटत नाही. बदाम मात्र तुमच्याच हातात तयार होतात आणि किलवरचा राजा ही तुमची हमखास परतीची वाट आहे.

इस्पिकराणी

सोलापूरकर, आपली दिशा समजली, पण हातांचा हिशेब करून पाहू या. दक्षिणेकडे बदामाचे एक्का-राजा दोन्ही असतील, तर बदामाची पहिली उतारी तो एक्क्याने घेईल, किलवर खेळेल, पूर्व राजाने हात घेऊन दुसऱ्यांदा बदाम खेळेल आणि तो हात राजा घेईल. पूर्वेची दश्शी आता मोठी झाली खरी, पण ती वाजवायला पूर्वेच्या हाती पुन्हा खेळ येणारच नाही. त्याआधी डिक्लेअरर, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट खेळणारा दक्षिण, चौकटच्या एक्क्याने डमीत शिरून किलवर घेऊन जाईल.

मला तर चौकटच्या रंगात काहीतरी आहे असे वाटते. डमीतल्या किलवरांना बाहेरून एकच वाट आहे आणि ती म्हणजे चौकटचा एक्का. ती वाट किलवर तयार होण्याच्या आधी बंद केली, तर डमी मरून पडते. म्हणून मी चौकटची छक्की खेळेन.

दश्शीपकड

चर्चा योग्य वाटेवर आली आहे, पण छक्की पुरेशी नाही. का नाही हे सांगण्यासाठी थोडी मोजणी सविस्तर करावी लागेल. या वाटणीत ती मोजणी इतकी स्वच्छ निघते की नवीन खेळाडूंनी कागद घेऊन ती स्वतः करून पाहावी असे मला मनापासून वाटते.

डमीत ७ गुण आहेत आणि पूर्वेकडे १४. म्हणजे २१ गुण दिसतात, १९ गुण झाकलेले आहेत. दक्षिणेकडे १६ ते १८ असल्याचे बोलीने सांगितले आहे, तेव्हा भिडूकडे १ ते ३ गुण उरतात, जास्त नाहीत. झाकलेली चित्रे कोणती? इस्पिकचे राजा, राणी, गुलाम, बदामाचे एक्का, राजा, चौकटची राणी, किलवरचा एक्का. दोन्ही एक्के चार-चार गुणांचे, त्यामुळे ते भिडूकडे असूच शकत नाहीत.

आता अकराचा नियम लावू. भिडूने वरून चौथे पान म्हणून छक्की उतरली, तेव्हा ११ मधून ६ वजा केले की उरलेल्या तीन हातांत छक्कीहून मोठी पाच इस्पिके आहेत हे कळते. डमीत अठ्ठी दिसते, पूर्वेकडे एक्का आणि नव्वी आहे. म्हणजे दक्षिणेकडे छक्कीहून मोठी इस्पिके बरोबर दोन. दोनच असल्यामुळे राजा, राणी, गुलाम हे तिन्ही त्याच्याकडे असणे शक्य नाही आणि भिडूकडे त्यांपैकी निदान एक चित्र आहेच. भिडूच्या वाट्याचे तीन गुण बदामाच्या राजात गेले असे मानले, तर इस्पिकचे चित्र ठेवायला त्याच्याकडे गुणच उरत नाहीत. म्हणून बदामाचा राजाही दक्षिणेकडेच.

चौकटची राणी भिडूकडे असू शकते का? असू शकते, पण एकाच परिस्थितीत, म्हणजे त्याच्याकडे नेमके इस्पिकचा गुलाम आणि चौकटची राणी असे तीन गुण असतील तर. बाकी प्रत्येक वाटणीत ती दक्षिणेकडे येते. आणि ती तिथे असताना पूर्वेने छक्की खेळली, तर दक्षिण राणी घालून तो हात घेईल, डमीतून चव्वी जाईल आणि एक्का जागच्या जागी राहील. गुलाम खेळला तरी हेच होईल. इस्पिकराणींचा हेतू बरोबर आहे, पण तो साधण्यासाठी पान मोठे लागते.

खेळायचे पान आहे चौकटचा राजा.

किलवर_सत्ती

मी खेळायला लागून वर्षच झाले आहे, म्हणून प्रश्न साधा वाटल्यास क्षमस्व. राजा खेळला की तो एक्क्याखाली मरतो आणि दक्षिणेची राणी आपोआप मोठी होते. म्हणजे आपण डिक्लेअररला एक हात हाताने नेऊन दिला. शिवाय दक्षिणेने एक्का घातलाच नाही, राजाला हात घेऊ दिला, तर आपला डाव फसणार नाही का?

दश्शीपकड

प्रश्न अजिबात साधा नाही, या बचावाचे मर्म त्यातच आहे.

दक्षिणेचे हात मोजू. बदामाचे दोन, चौकटचा एक्का, इस्पिकचा निदान एक आणि बहुधा दोन. हे झाले चार किंवा पाच. किलवरमध्ये एक राजा गमावून त्याला पाच हात मिळतात. म्हणजे आपण काहीही केले नाही तर त्याचे नऊ किंवा दहा हात तयार आहेत आणि आपल्याकडे कोणत्याही रंगात ते अडवण्याइतका वेग नाही. बचावात आपण नेहमी आपले पाच हात कुठून येतील हे शोधतो. इथे ते शोधून सापडत नाहीत, कारण ते आधी कुठेच नाहीत. इथे विचारायचे ते असे की त्याच्या दहा हातांपैकी कोणते आपण नाहीसे करू शकतो. किलवरच्या पाचांपैकी बहुतेक नाहीसे करता येतात. त्या बदल्यात चौकटच्या राणीचा एक द्यावा लागला तरी सौदा आपल्या फायद्याचाच आहे.

आता राजाला सोडून देण्याबद्दल. डमीत एक्क्याबरोबर एकच बारीक पान आहे. राजावर चव्वी टाकली की एक्का एकटा उरतो. पूर्वेने लगेच दुसरी चौकट खेळली की तो पडलाच, दक्षिणेने काहीही टाकले तरी. डमीत एक्का आणि दोन बारीक पाने असती, तर मात्र आपली शंका खरी ठरली असती, कारण मग दक्षिणेने राजा सोडला असता, दुसरी चौकट राणीने घेतली असती आणि एक्का डमीत सुखरूप राहिला असता. म्हणून असा डाव करण्याआधी डमीतल्या त्या रंगाची लांबी पाहायची.

या डावाला मेरिमॅक कूप म्हणतात. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात क्यूबातील सांतियागो बंदरात स्पॅनिश आरमार होते. ते बाहेर पडू नये म्हणून अमेरिकी नौदलाने मेरिमॅक नावाचे कोळसावाहू जहाज बंदराच्या तोंडाशी स्वतःच बुडवायला नेले. प्रत्यक्षात त्या जहाजाने तोंड पुरते बंद झाले नाही, पण आपले मोठे पान बुडवून शत्रूची वाट अडवण्याला नाव मिळाले ते कायमचे.

सोलापूरकर

मोजणी पटली, बदामाचा हट्ट सोडतो. पण हाच तो देशापेल कूप ना? मी आजवर दोन्ही नावे एकाच अर्थाने वापरत आलो.

दश्शीपकड

कृती सारखी दिसते, हेतू वेगळा असतो. दोन्हींत आधार नसलेले मोठे पान बळी देतात. देशापेलमध्ये ते भिडूच्या हातात वाट तयार करण्यासाठी असते, म्हणजे आपला राजा मारला गेला की त्याची राणी मोठी होऊन तो हात घेऊ शकेल यासाठी. मेरिमॅकमध्ये प्रतिपक्षाची वाट मोडायची असते. या वाटणीत भिडूकडे जाऊन उपयोगच नाही, तेव्हा ही शुद्ध मेरिमॅक आहे.

पूर्वेची_खुर्ची

दश्शीपकड यांनी ओळखले. दुसऱ्या टेबलावरच्या पूर्वेने इस्पिकचा एक्का घेतला आणि क्षणभर थांबून चौकटचा राजा टेबलावर ठेवला. आता उरलेली पाने देतो:

दक्षिण
इस्पिक: राजा राणी ४
बदाम: एक्का राजा ८ ४
चौकट: राणी ९ ७ ३
किलवर: एक्का ४

पश्चिम
इस्पिक: गुलाम १० ७ ६ २
बदाम: ७ २
चौकट: १० ८ ५ २
किलवर: ६ २

तिथे आमचा दक्षिण चौकटच्या एक्क्याने हात घेऊन लगेच डमीतून किलवरची राणी खेळला. त्याने मला सांगितले की त्या क्षणी त्याला अजून आशा होती, आणि ती आशा चुकीची नव्हती असे मला वाटते. पुढचे पान काय असावे यावर आपली मते वाचायला आवडतील.

इस्पिकराणी

माझ्या मते या वाटणीतला दुसरा आणि तितकाच अवघड निर्णय इथे आहे. आपण सगळे शिकताना ऐकतो की चित्रावर चित्र घालावे. राणी आली, आपल्याकडे राजा आहे, हात आपसूक राजाकडे जातो. आणि राजा घातला की सर्वनाश होतो. दक्षिण एक्का घालेल, चव्वीने डमीतल्या गुलामाकडे जाईल आणि मग गुलाम, दश्शी, नव्वी, सत्ती, पंजी सलग वाजतील. किलवरचे सहा, इस्पिकचे दोन, बदामाचे दोन आणि चौकटचे दोन असे बारा हात होतात. चौकटचा राजा आधीच बुडवलेला असल्यामुळे आता राणीही त्याची. म्हणजे कॉन्ट्रॅक्ट पाडायला निघालेला बचावपटू ४९० देऊन उठेल.

राजा न घालता बारीक पान टाकले, तर राणी हात घेते. पुढचा गुलाम मात्र दक्षिणेच्या एकट्या राहिलेल्या एक्क्यावरच पडतो आणि किलवर तिथेच अडकतो. पूर्वेचा राजा सलामत, डमीत चार किलवर तयार होण्याच्या बेतात, आणि तिथे जायला वाट नाही. दक्षिणेचे हात: किलवर दोन, चौकट दोन, बदाम दोन, इस्पिक दोन. एकूण आठ.

किलवर_सत्ती

पण दक्षिणेकडे किलवर दोनच आहेत हे पूर्वेला कसे कळले? एक्क्याबरोबर दोन बारीक असती तर?

इस्पिकराणी

तर दक्षिणेने दोन वेळा फिनेस केला असता, म्हणजे डमीतून चित्र खेळून पूर्वेने राजा न घातल्यास आपला एक्का राखला असता, तिसऱ्या वेळी एक्क्याखाली राजा पडला असता आणि किलवरचे तीन हात झाले असते. तीनमध्ये चौकट, बदाम, इस्पिकचे दोन-दोन मिळवले की नऊ. म्हणजे इस्पिकचे राजा-राणी दोन्ही त्याच्याकडे असताना किलवरही तीन निघाले, तर राजा घालून किंवा न घालून, कसेही कॉन्ट्रॅक्ट पार पडते. तशी वाटणी धरून खेळून पूर्वेला काहीच मिळणार नाही. ज्या वाटणीत आपल्या निर्णयाने फरक पडतो ती दोन किलवरची आहे, तेव्हा तीच आहे असे धरून खेळायचे. पूर्वेला नऊ किलवर दिसतात, उरलेले चार दोन-दोन असणे नो ट्रंपच्या बोलीशी सुसंगतही आहे.

वडोदऱ्याहून

एक बाब कोणी मांडली नाही, म्हणून लिहितो. किलवरच्या राणीवर राजा घालायचा नाही हे पूर्वेने चौकटचा राजा खेळतानाच ठरवलेले असले पाहिजे. राणी टेबलावर आल्यावर पूर्व पाच सेकंद थबकला आणि मग तिर्री टाकली, तर राजा कुठे आहे हे दक्षिणेला पत्ते न पाहता कळते. या वाटणीत ते कळून त्याचा फायदा झाला नसता, पण एखाद्या वाटणीत होतो, आणि राजा नसताना मुद्दाम थबकणे तर खेळाच्या नीतीला सोडून आहे. विचाराची योग्य जागा पहिला हात आहे. डमी उघडल्यावर तिसऱ्या खेळाडूने एक्का घालण्याआधीच वेळ घ्यावा. तेवढा वेळ घेणे सर्वमान्य आहे, त्यातून कोणालाही काही समजत नाही.

पहिल्या हाताबद्दलही एक. पूर्वेने एक्का राखून नव्वी घातली असती, तर दक्षिणेने तो हात घेऊन लगेच किलवर सुरू केले असते. मग पूर्वेच्या हाती पहिल्यांदा खेळ आला असता तो किलवरच्या राजाने, म्हणजे किलवर तयार झाल्यानंतर. त्या वेळी चौकटचा राजा खेळणे हे दरोडा पडून गेल्यावर दाराला कुलूप लावण्यासारखे झाले असते. एक्का घेऊन लगेच वळणे, या दोन्ही गोष्टी एकाच निर्णयाचे भाग आहेत.

सोलापूरकर

हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. मी या वाटणीत नव्वी नक्कीच घातली असती, वर एक्का भिडूची इस्पिके वाजवायला राखून ठेवला असे समाधानही मानले असते. भिडूकडे जास्तीत जास्त तीन गुण आहेत हे मोजल्यावर त्या रंगासाठी काहीही राखून ठेवण्यात अर्थ नाही हे आता दिसते.

पूर्वेची_खुर्ची

माझीही चूक तिथेच झाली. मी एक्का घातला तो विचार करून नाही, सवयीने, आणि नव्वी परत केली तीही सवयीने. दश्शीपकड यांनी केलेली गुणांची बेरीज मी बोली संपताच करू शकत होतो. ७ आणि १४ यांची बेरीज करायला किती वेळ लागतो? पण मी ती किलवरचा राजा हातातून गेल्यावर केली, हे मला अजून सलते आहे.

दुसऱ्या टेबलावरचा शेवट सांगायचा राहिला. किलवर अडकल्यावर दक्षिणेने चौकटची राणी न वाजवता इस्पिकचे राजा-राणी आणि बदामाचे एक्का-राजा घेतले आणि बदामाची चव्वी खेळून पूर्वेला हात दिला. त्याचे सात हात झाले होते आणि त्याच्याकडे बदामाची अठ्ठी व चौकटची राणी, नव्वी, सत्ती उरली होती. पूर्वेने बदामाचे दोन हात घेतले, किलवरचा राजा वाजवला आणि मग त्याच्याकडे गुलाम व छक्की या दोन चौकटीच राहिल्या. म्हणजे आता चौकट त्यालाच खेळावी लागणार होती. दक्षिण याचीच वाट पाहत होता, कारण चौकटचे दोन्ही हात मिळाले तर त्याचे नऊ पुरे होत होते.

त्या तीन हातांवर पश्चिमेला तीन पाने फेकायची होती. त्याच्याकडे इस्पिकचे गुलाम व दश्शी होती, दोन्ही आता सर्वांत मोठी, आणि चौकटच्या दश्शी, अठ्ठी, पंजी.

दश्शीपकड

म्हणजे तिथेही अजून कॉन्ट्रॅक्ट सुटू शकत होते. पश्चिमेने तयार झालेली इस्पिके जपली असती, तर पूर्वेने गुलाम खेळला असता काय किंवा छक्की, दक्षिणेला राणी आणि नव्वी दोन्ही मिळाल्या असत्या. इस्पिके मोठी होती, पण पूर्वेकडे इस्पिक उरलेच नव्हते, तेव्हा ती वाजवायला त्याला कोणी बोलावणार नव्हते. त्याने काय फेकले?

पूर्वेची_खुर्ची

आधी इस्पिकचा गुलाम, मग दश्शी, मग चौकटची पंजी. चौकटच्या दश्शी-अठ्ठी शेवटपर्यंत धरून ठेवल्या. पूर्वेने छक्की खेळली, दक्षिणेने नव्वी घातली आणि पश्चिमेने ती दश्शीने घेतली. राणीला शेवटचा हात मिळाला, तो आठवा.